क्लॅरी एंडाकॉटचा रायव्हल

रायव्हल हा शब्द आमच्याकडे फार स्वस्त झाला आहे. साबणाच्या जाहिरातीत तो असतो, फुटबॉलच्या बातमीत असतो, एका गल्लीत दोन खाटीक दुकान टाकून बसले की त्यांनाही लोक तोच शब्द चिकटवतात. क्लॅरी एंडाकॉटच्या समोर मात्र तो जपून वापरावा लागे. एकदा तालुक्याच्या वर्तमानपत्राने घंटावादनाच्या स्पर्धेची बातमी देताना ‘जिल्ह्यातले बारा रायव्हल संघ’ असं छापलं. पुढच्या वर्षी तो बातमीदार आमच्याकडे चहाला आला, तेव्हा क्लॅरीने त्याला खुर्चीवर बसवून घेतलं आणि स्वतः उभा राहिला.

“बारा रायव्हल? अरे, बारा बायका परवडतील माणसाला. समोर दोर धरून उभा राहिला म्हणून कोणी रायव्हल होत नाही. तो नुसता समोरचा. आपलं कुंपण सरकवतो तो वैरी. रायव्हल जन्मात एकच मिळतो, आणि तोही नशिबात असला तर.”

“तुम्हाला मिळाला का?” बातमीदाराने विचारलं.

“मिळाला ना. ओढ्यापलीकडे कोळसा विकतो.”

ओढ्यापलीकडे कोळसा विकणारा म्हणजे आयव्हर पेथिब्रिज. तो टॅपवर्दीचा घंटाप्रमुख, क्लॅरी आमच्या मेरिकूमचा. दोघांच्या चर्चच्या मनोऱ्यात सहा-सहा घंटा, आणि दोघेही सर्वांत मोठी, शेवटची घंटा वाजवणारे. मेरिकूम आणि टॅपवर्दीच्या मधून एकच ओढा वाहतो. एका वार्षिक जेवणात पाद्रीसाहेबांनी भाषणात सांगितलं, की रायव्हल हा शब्दच मुळी ओढ्यावरून आला आहे. एका ओढ्याचं पाणी घेणारे दोन शेजारी, ते रायव्हल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयव्हर जागेवरूनच म्हणाला, “तरीच आमच्या चहाला वास येतो. वरच्या अंगाला क्लॅरी चर उपसतो.”

“वास कोळशाचा आहे,” क्लॅरी म्हणाला. “कप धूत जा अधूनमधून.”

क्लॅरी खरोखरच चर उपसायचा. कौन्सिलच्या नोकरीत रस्त्याकडेचे चर आणि मोऱ्या साफ ठेवणं हे त्याचं काम. उंचीने बेताचा, खांदे मात्र दारात मावणार नाहीत असे. बोलताना मान एका बाजूला कलती ठेवायची त्याला सवय होती; अनोळखी माणसाला वाटे की हा आपल्यावर संशय घेतोय. तो फक्त ऐकत असे. चराजवळ उभा राहून तो सांगायचा, की पुढच्या वळणावर मोरीत पानं अडकली आहेत, कारण पाण्याचा आवाज जाड झालाय. मला त्याचा हा कान पहिल्यापासून आवडायचा आणि थोडा रागही यायचा, कारण तिसरी घंटा माझी होती आणि माझी एकही चूक त्याच्यापासून लपत नसे.

आमच्या भागात घंटा वाजवायच्या म्हणजे त्या आधी तोंड वर करून उभ्या करायच्या आणि मग प्रत्येक ओढीला पूर्ण गोल फिरवायच्या. मोठी घंटा चांगल्या पोसलेल्या बैलाच्या वजनाची. सहा माणसं, सहा दोर, आणि ठोके सगळे सारख्या अंतराने पडायला हवेत. स्पर्धेत पंच मनोऱ्याबाहेर एका खोलीत पडदे ओढून बसतात. कोणता संघ वाजवतोय हे त्यांना ठाऊक नसतं. ते नुसतं ऐकतात, आणि एखादा ठोका केसभर पुढे-मागे पडला की चूक मांडतात. सर्वांत कमी चुका त्या संघाला बक्षिसाची ढाल. सगळ्यात अवघड काम शेवटी येतं, ते म्हणजे उतरवणं. साही घंटा एकत्र खाली आणायच्या. झोका लहान लहान होत जातो, दोर हातात गुंडाळत न्यायचा, ठोके एकमेकांच्या जवळ जवळ येतात, आणि अखेर सगळ्या एकाच दमात गप्प व्हायला हव्यात. उतरवताना भले भले घसरतात.

ढाल दरवर्षी टॅपवर्दीला जायची आणि दुसरा नंबर आमचा असायचा. फरक एखाद-दोन चुकांचा. ढाल घेताना आयव्हर दरवर्षी एकच भाषण करी. “पंचांचे आभार. मेरिकूमवाल्यांनी बिस्किटं चांगली आणली होती.” एवढं बोलून तो खाली बसे. आमच्या संघातले दोघे त्या बिस्किटांवरून घरी जाईपर्यंत धुमसत. क्लॅरी धुमसत नसे. त्याला एकच हवं होतं: आयव्हर पेथिब्रिजला एकदा हरवायचं. ढालीचं त्याला काही नव्हतं. त्या वर्षी तो सत्तरीला टेकला होता, आयव्हर त्याहून थोडा मोठा, आणि दोघांच्याही हातात फार वर्षं उरली नाहीत हे सगळ्यांना दिसत होतं.

आमचा सराव मंगळवारी, टॅपवर्दीचा गुरुवारी. गुरुवारी संध्याकाळी क्लॅरी ओढ्याकाठच्या फाटकावर जाऊन बसायचा आणि पलीकडच्या घंटा ऐकायचा. पाऊस असला तर डोक्यावर पोतं घेऊन. त्याची बायको मिल्ड्रेड सगळ्यांना सांगायची, “लग्न माझ्याशी केलं, पण कान त्या कोळसेवाल्याला देऊन बसलाय.” ती हे हसत सांगायची, पण गुरुवारी ती त्याला कधी कुठलं काम सांगत नसे.

त्या वर्षीच्या वसंतातला एक गुरुवार. मी दुकान बंद करून सायकलवरून घरी चालले होते. फाटकाशी क्लॅरी दिसला म्हणून थांबले. पलीकडे टॅपवर्दीवाले घंटा उतरवत होते. हवा स्थिर होती आणि आवाज ओढ्यावरून सरळ येत होता. मला तर ते नेहमीसारखंच, जीव जळावा इतकं सुरेख वाटलं.

“आयव्हर उशिरा येतोय,” क्लॅरी म्हणाला.

“कुठे? मला नाही वाटलं तसं.”

“उतरवताना. घंटा वर असतात तोवर ठीक आहे, तेव्हा तो बाकीच्यांचे दोर बघून वाजवतो. खाली येताना डोळ्यांचं काम नाही, तिथे कान लागतो.” त्याने मान आणखी कलती केली. “पोरी, त्याला पाचवी घंटा ऐकू येत नाहीये.”

“म्हणजे?”

“म्हणजे तो बहिरा होतोय.”

“त्यांच्या संघातल्या कोणाला कळलं नाही?”

“ते त्याच्या पाठोपाठ चालायला शिकलेत. तो थांबला की तेही थांबतात. घंटेचं वरचं लाकूड सैल झालंय म्हणत असतील आणि तेल घालत असतील.”

हे सांगायची मला लाज वाटते. मी आनंदाने सायकलची घंटी वाजवली. “मग या वर्षी ढाल आपली, कॅप्टन.”

क्लॅरीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या चरात कचरा टाकला होता. तो फाटकावरून उतरला आणि घराकडे चालू लागला.

त्यानंतर तो पार बिघडला. मंगळवारी सरावाला आला तर आला, बोलणं नाही. मिल्ड्रेड दुकानात येऊन म्हणाली, “एनिड, याचं काय झालंय? मटण-बटाटा भरलेली पेस्टी अर्धी टाकून उठला. लग्नाच्या दिवशीसुद्धा असं केलं नव्हतं त्याने.” मला ठाऊक होतं काय झालंय. गप्प बसलं की आयव्हर हरणार होता. क्लॅरीला फक्त तोंड मिटून राहायचं होतं. स्पर्धा त्या वर्षी आमच्याच मनोऱ्यात होती, आमच्या घंटांवर. आयव्हरला अनोळखी घंटा मिळणार, त्यात उतरवताना कान साथ देणार नाही. याहून सोपा डाव देवानेसुद्धा मांडून दिला नसता. मी हे त्याला सांगितलंही.

“तेच तर,” क्लॅरी म्हणाला. “चल माझ्याबरोबर. कोणीतरी बरोबर पाहिजे, नाहीतर मी ओढ्यावरूनच परत फिरेन.”

आम्ही टॅपवर्दीला कोळशाच्या वखारीत गेलो. आयव्हर फावड्याने पोत्यात कोळसा भरत होता. उंच, वाळका माणूस, भुवयांत कायमची काळी भुकटी. क्लॅरीला बघून त्याने फावडं टेकवलं.

“काय रे, मेरिकूमच्या चुली विझल्या की काय?”

“उतरवताना तू उशिरा येतोयस,” क्लॅरी म्हणाला.

आयव्हर त्याच्या ओठांकडे बघत होता. ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. “स्पर्धा जवळ आली की तुमच्याकडे हे चाळे सुरू होतात. मागे तुमच्या त्या चौथ्या घंटेवाल्याने माझ्या दोराला मेण लावलं होतं. जा, घरी जा.” तो पुन्हा वाकून कोळसा भरू लागला.

क्लॅरी दोन पावलं मागे सरकला. आयव्हरची पाठ आमच्याकडे होती. क्लॅरी नेहमीच्या आवाजात, अगदी स्पष्ट म्हणाला, “टॅपवर्दीची मोठी घंटा म्हणजे फुटकी बादली आहे. डुकरांना खाणं घालायच्या लायकीची.”

टॅपवर्दीच्या कुठल्याही माणसासमोर हे बोलणारा धड घरी गेला नसता. आयव्हरच्या आजोबांनी त्या घंटेसाठी गाव पालथं घालून वर्गणी जमवली होती. आयव्हरने एक फावडं भरलं. मग दुसरं भरलं. पोतं हलवून कोळसा खाली बसवला. क्लॅरी तिथे उभा राहून रडत होता आणि आयव्हरला ते माहीतच नव्हतं.

पोतं बांधून तो वळला, आमची तोंडं पाहिली, आणि समजला.

“काय म्हणालास?”

“तुझ्या घंटेला शिवी दिली.”

आयव्हर पोत्यावर बसला. बराच वेळ त्याने हात पुसले, ते काही पुसले जाईनात. “कोणाकोणाला माहीत आहे?”

“मला. हिला.”

“आमच्या रूबीला?” रूबी त्याची मुलगी, त्यांच्या संघात पहिली घंटा वाजवायची.

“तिला वाटतं तू हट्टी आहेस म्हणून उत्तर देत नाहीस.”

“ते बरंय,” आयव्हर म्हणाला. “मग आता मी नाव काढून घेतो. तुला मोकळं रान.”

“आणि मी कोणाला हरवू? तुझ्या त्या भाच्याला? तो मोठी घंटा वाजवतो की गाय दोहतो, ते कळत नाही.” क्लॅरीने बाहीने नाक पुसलं. “शनिवारी दुपारी आमच्या मनोऱ्यात ये. मागच्या दाराने ये. कोणी विचारलं तर सांग, चर्चचं धुराडं बघायला बोलावलंय.”

घरी येताना मी त्याच्याशी भांडले. भांडले म्हणजे मीच बोलत होते. आमच्या मोठ्या घंटेची एक खोड आहे. दर दुसऱ्या ठोक्याला ती जरा रेंगाळते, आणि ती नेमकी किती रेंगाळते हे फक्त क्लॅरीच्या हाताला ठाऊक होतं. आमच्यातल्या कोणालाही त्याने ते कधी शिकवलं नव्हतं. पाहुण्या संघांना स्पर्धेच्या दिवशी सरावाला जेमतेम काही मिनिटं मिळत आणि त्या खोडीपायी ते एक-दोन चुका हमखास खात. तेच आता हा माणूस ओढ्यापलीकडे नेऊन ओतणार होता.

“घरभेदी दुसरा कोण असतो?” मी विचारलं.

“लोलकाला बांधायला कातडं लागेल,” तो म्हणाला. “तू हलकी आहेस, वर तू चढ.”

घंटेचा लोलक बांधून ठेवला की ती फिरते पण वाजत नाही. गावाला त्रास न देता नव्या माणसाला शिकवायची ही आमची जुनी रीत. त्या शनिवारी मी शिड्या चढून घंटांच्या मजल्यावर गेले आणि मोठ्या घंटेच्या लोलकाला जुन्या खोगिराचं कातडं आवळून बांधलं. मनात चडफडत बांधलं, पण बांधलं घट्ट. मग खाली दोरांच्या खोलीत येऊन दाराशी बसले.

आयव्हर दोर धरून उभा होता. क्लॅरी त्याच्या मागे, एक हात त्याच्या उजव्या खांद्यावर. आयव्हरने ओढलं. डोक्यावर ती अवजड वस्तू फिरायला लागली. लाकूड कुरकुरलं, भिंतींतून एक धडधड खाली आली, दोराच्या भोकातून वाऱ्याचा झोत माझ्या तोंडावर आला, आणि आवाज काहीही नाही. घंटा वाजणार म्हणून माझं अंग दर वेळी आकसत होतं आणि दर वेळी काहीच होत नव्हतं. क्लॅरीने डोळे मिटले होते. त्याची बोटं आयव्हरच्या खांद्यावर दाबली जायची, सुटायची, पुन्हा दाबली जायची. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की बाकीच्या पाच घंटा त्याच्या डोक्यात वाजत आहेत. पाच झाल्या की तो दाबत होता: आता तुझी. आणि ते दाबणं सारखं नव्हतं. एका ठोक्याला अलीकडे, दुसऱ्याला अगदी किंचित त्याच्याही अलीकडे, कारण दुसऱ्याला आमची घंटा रेंगाळते. इतकी वर्षं जे कोणाला सांगितलं नाही, ते तो बोटांनी सांगत होता. मी चहाचा थर्मास घेऊन गेले होते. तो उघडायचं मला सुचलं नाही. माझा राग केव्हा गेला ते मला कळलं नाही, आणि नंतर शोधूनही तो सापडला नाही.

असा आयव्हर बरेच शनिवार आला. उतरवताना तो अडखळायचा. झोका लहान झाला की खांद्यावरचा इशारा पोचेपर्यंत ठोका निघून जायचा. एका शनिवारी चिडून त्याने बूट काढून कोपऱ्यात भिरकावले आणि मोज्यांवर उभा राहिला. मग मध्येच त्याचा चेहरा बदलला.

“हात काढ,” तो म्हणाला.

क्लॅरीने हात काढला.

“फरशीतून येतंय. घंटेचा झोका तळपायाला कळतोय.” तो लहान मुलासारखा खाली पाहत होता. “एनिड, पाचवी फिरव.”

मी वर जाऊन पाचवीच्याही लोलकाला कातडं बांधून आले आणि ती फिरवली. आयव्हर मोज्यांवर उभा राहून माझ्या मागोमाग घंटा उतरवत गेला. क्लॅरी खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. तो बघत नव्हता. दोर सरकण्याच्या आवाजावरून त्याला सगळं कळत होतं.

“आता कसं होतं?” आयव्हरने विचारलं.

क्लॅरीने वळून त्याला तोंड दिसेल असं करून सांगितलं, “वाईट होतं. पण तुझं होतं.”

स्पर्धा जूनमध्ये झाली. चिठ्ठ्या काढल्या तेव्हा आमचा नंबर टॅपवर्दीच्या लगेच आधी आला. पंच शाळेच्या खोलीत पडदे ओढून बसले. आम्ही वाजवलं, आणि मी खोटं कशाला बोलू, आम्ही आयुष्यात इतकं चांगलं कधी वाजवलं नव्हतं. उतरवतानासुद्धा मला सगळं जुळल्यासारखं वाटलं. दोर बांधून आम्ही बाहेर आलो, तर आयव्हर मनोऱ्याच्या पायथ्याशी बाकावर बसलेला. पाठ आणि डोकं दगडी भिंतीला टेकलेलं, दोन्ही तळहात मागे भिंतीवर, डोळे मिटलेले. मला वाटलं, आम्ही जीव तोडून वाजवतोय आणि हा झोपलाय. रूबीने त्याच्या गुडघ्याला हात लावला तसा तो उठला, बूट काढून बाकाखाली ठेवले आणि मोज्यांवर आत गेला. लोक हसले. कोणीतरी म्हणालं, टॅपवर्दीवाले आता पाय धुवायला आलेत.

क्लॅरी कब्रस्तानाच्या भिंतीजवळ जाऊन उभा राहिला. मी त्याच्या शेजारी.

त्यांच्या घंटा चढल्या, सरळ चालल्या, आयव्हरच्या हाकेसरशी एकेका जोडीने वाजण्याचा क्रम बदलत गेल्या. ते सगळं नेहमीसारखंच होतं. मग उतरवायला लागले. क्लॅरीचा हात भिंतीवर होता आणि त्याची बोटं दगडावर दाबली जात होती. शेवटच्या घंटेच्या प्रत्येक ठोक्याच्या किंचित आधी दाब, मग ठोका. दाब, मग ठोका. आत तो बहिरा माणूस आमचीच रेंगाळणारी घंटा वाजवत होता आणि ती एकदाही रेंगाळली नाही. ठोके जवळ आले, आणखी जवळ, साही घंटांचं मिळून एक गुंजन झालं, आणि ते मिटलं. कोणी टाळी वाजवली नाही. गावातली कुत्रीसुद्धा गप्प होती. मी त्या दिवशी चर्चच्या अंगणात उभी होते, पण प्रार्थना करावीशी वाटली ती त्याच एका क्षणी.

चहाच्या वेळी निकाल वाचला. टॅपवर्दी पहिलं, आम्ही दुसरे, फरक एका चुकीचा. पंच म्हणाले, मेरिकूमचं वादन उत्तम, फक्त उतरवताना शेवटची घंटा एकदा उशिरा आली. शेवटची घंटा म्हणजे क्लॅरी. आमचा चौथ्या घंटेवाला हातातला स्कोन, तो चहाबरोबरचा गोडसर पाव, बशीत आपटून बाहेर गेला. आयव्हर उठला. रूबीने त्याला खुणावून सांगितलं असावं.

“पंचांचे आभार. मेरिकूमवाल्यांनी बिस्किटं चांगली आणली होती.” तो थांबला. दरवर्षी तो इथे बसायचा. “मी आज दोर खाली ठेवतोय. पुढच्या वर्षापासून माझा भाचा. त्याला सांभाळून घ्या, तो गाय दोहतो.”

सगळे हसले, कशाला हसतोय ते न कळता. मग तो बशी घेऊन आमच्या टेबलाशी आला आणि क्लॅरीच्या समोर बसला. स्कोनवर आधी साय लावली, मग जॅम, अगदी सावकाश.

“उतरवताना दोनदा उशिरा आलास,” तो म्हणाला.

क्लॅरीच्या हातातला कप वर जाता जाता थांबला.

मला सहन झालं नाही. मी आयव्हरच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हटलं, “एकदा. पंचांनी आत्ता वाचून दाखवलं. आणि तुम्हाला काय माहीत? तुम्ही तर भिंतीला टेकून झोपला होतात.”

“झोपलो नव्हतो, बाई,” आयव्हर म्हणाला. त्याने क्लॅरीकडे पाहिलं. “दोनदा. एकदा मध्यावर. एकदा अगदी शेवटाकडे, दोर गुंडाळताना.”

क्लॅरीने कप खाली ठेवला आणि सायीची वाटी आयव्हरकडे सरकवली.

घरी परतताना मी रस्ताभर बडबडत होते. एका चुकीने गेलं. स्वतः होऊन हातातलं घालवलं. वर तो माणूस टेबलाशी येऊन आपल्यालाच शिकवतो, आणि चुकासुद्धा धड मोजत नाही. क्लॅरी शेजारून चालत होता, मान नेहमीसारखी कलती. ओढ्यावरच्या फाटकाशी तो थांबला आणि दोन्ही हात फाटकावर ठेवून उभा राहिला. मी पाहिलं तर तो हसत होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं.

“दोनच होत्या, एनिड,” तो म्हणाला. “मध्यावरची पंचांनी पकडली. शेवटची मला वाटलं कोणालाच कळली नाही.”